वगैरे एकवीस

दिनांक १० मार्च १९७४, रविवार. सकाळी साडेदहा. स्थळ: कोर्टाच्या आवारातली वकिलांची खोली. उपस्थित: श्री. श्रीधरपंत कोंडवळकर, वकील (अध्यक्ष), भातगिरणीचे मालक, माध्यमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, माथेरानच्या एका हॉटेलचे मालक, कोंडवळ गावचे सरपंच, वगैरे.

त्या शेवटच्या 'वगैरे'त मी आहे. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे, पण सांगत होते मुख्याध्यापक, आणि सरपंचांच्या नावाशी ते थांबले. त्यानंतर खोलीत दोनच माणसं उरली होती, मी आणि माठ भरायला आलेला शिपाई. "वगैरे लिहा," मुख्याध्यापक म्हणाले. मी लिहिलं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. तो शब्द मी रोज दहा-वीस वेळा लिहीत असे.

मी त्या कोर्टात सव्वीस वर्षं नोकरी केली. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपैकी एकाचं ते कोर्ट. कोणत्या, ते लिहीत नाही. जवळच्यांना कळेल, लांबच्यांना कळून उपयोग नाही. गावाचं नाव आणि माणसांची नावंही बदलली आहेत. मागच्या वर्षी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि सोळा कामांची यादी केली. त्यातली पंधरा झाली. सोळावं का राहिलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

सव्वीसपैकी एकोणीस वर्षं मी रेकॉर्ड रूममध्ये होते. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. निकाल लागलेल्या दाव्याचे कागद जाड कापडात बांधून फळीवर जातात. त्या गठ्ठ्याला आम्ही रुमाल म्हणतो. कोणत्या रुमालात काय आहे, हे सूचीवहीत असतं. कुणाला जुन्या निकालाची नक्कल हवी असली, तर तो नाव घालून अर्ज करतो. कारकून सूचीवही बघतो. नाव सापडलं तर रुमाल सोडतो, नक्कल करतो, ताडून बघतो, शिक्का मारतो. नाही सापडलं तर अर्जावर 'नोंद आढळत नाही' असं लिहून सही करतो. रुमाल सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

सूचीवहीत एका दाव्याला एकच ओळ. वादी पुष्कळ असतील तर पहिल्याचं नाव लिहायचं, आणि पुढे 'वगैरे' व उरलेल्यांचा आकडा. ही पद्धत माझ्या आजोबांच्याही आधीची. मी ती सुवाच्य अक्षरात पुढे चालवली.

तर त्या रविवारची सभा. श्रीधरपंतांचे पणजोबा तात्यासाहेब कोंडवळकर यांना वकिलीची सनद मिळून शंभर वर्षं होत होती. तात्यासाहेब आमच्या भागातले पहिले वकील, पुढे लोकल बोर्डाचे सभासद आणि शेवटी मुंबईला गव्हर्नरच्या कौन्सिलात. एवढं शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. श्रीधरपंतांना पुढच्या निवडणुकीत तिकीट हवं होतं. हे मात्र इतिवृत्तात नाही.

तीन ठराव झाले. एक, स्मरणिका काढावी. दोन, तैलचित्र करावं. तीन, कोंडवळला तळ्याकाठच्या मोकळ्या माळावर तात्यासाहेबांचं स्मारक भवन बांधावं. सरपंच म्हणाले, माळ सरकारी पड जमीन आहे, पंचायतीचा ठराव आणतो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"कारखानीसबाई," श्रीधरपंत मला म्हणाले, "तुम्हांला याद्यांची हौस. तात्यासाहेबांनी चालवलेल्या दाव्यांची एक यादी द्या बघू. गोरगरिबांचे दावे वर घ्या."

"आणि श्रीमंतांचे?"

"ते... वगैरे."

सगळे हसले. मीही हसले. न्यायाधीशसाहेबांची लेखी परवानगी आली आणि मी कामाला लागले.

तो माळ मी ओळखत होते. पाहिलेला नव्हता, अर्जांतून ओळखत होते. आधीच्या दोन वर्षांत कोंडवळच्या बौद्धवाडीतली ठकूबाई तीन वेळा माझ्या खिडकीशी आली होती. सत्तरीच्या पुढची, काठी टेकत येणारी. बरोबर भाचा बबन, रेल्वेत गँगमन. तळ्याकाठचा माळ ही त्यांच्या वाडीची दफनभूमी. धर्मांतराच्या आधीपासूनची, पिढ्यान्‌पिढ्यांची. पंचायत आता तिला सरकारी पड म्हणायला लागली होती, म्हणून ठकूबाईला जुना कागद हवा होता.

"माजी आजी सांगायची, तिचा सासरा गोंद्या सख्या कोर्टात निशानी करून आला व्हता," ती म्हणाली. "कागद हाय बाय. बघ तू."

मी सूचीवही बघितली. गोंद्या बिन सखा, नोंद आढळत नाही. सही.

सहा महिन्यांनी परत. "नीट बघ की गं."

मी नीट बघितलं. सूचीवहीतच. आढळत नाही. सही.

तिसऱ्या वेळी मी जरा करवादले. "आजी, वहीत नाव नाही म्हणजे नाही. मी मनानं कुठून आणू?"

"आत्ये, चल गं," बबन म्हणाला. "इथं नाय."

"इथंच हाय," ती जाता जाता म्हणाली. "हिला दिसना, त्याला काय करू?"

मला राग आला होता. माझ्या वहीत चूक निघत नसे.

आता तात्यासाहेबांची कारकीर्द. मी चार रकाने आखले: दावा कोणाकडून, कोणाविरुद्ध, निकाल काय, आणि त्याच सुमारास तात्यासाहेब बाहेर काय बोलत होते. चौथा रकाना कोणी मागितला नव्हता. पण मुख्याध्यापकांनी तात्यासाहेबांच्या भाषणांचं जुनं बाड माझ्याकडे आणून टाकलं होतं, आणि रकाना रिकामा ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

पहिलीच नोंद मजेची. तात्यासाहेब वकील होण्याआधी पाच वर्षं आमच्याच कोर्टात नक्कलनवीस होते. म्हणजे मी करत होते तेच काम. घराण्यातल्या चरित्रात मात्र 'प्रारंभी न्यायखात्यात उच्च पदावर' असं छापलं होतं. उच्च म्हणजे फळी उंच होती, एवढं खरं.

मग सनद. मग दावे. खोतातर्फे, कुळाविरुद्ध. खोतातर्फे, कुळाच्या विधवेविरुद्ध. माथेरानच्या एका बंगलेवाल्यातर्फे, मोळ्या घेऊन त्याच्या हद्दीतून जाणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांविरुद्ध मनाई हुकूम. तो त्यांनी मिळवला. तीन वर्षांनी कौन्सिलात भाषण: 'गरिबाच्या डोईवरच्या मोळीला सरकारने हात लावू नये.' फार गाजलं म्हणतात. गाजणारच. सरकारने लावू नये. स्वतःचा हात लावून झाला होता. मोळीवाल्या बायका काही कौन्सिलात बसलेल्या नव्हत्या.

वकिलाचा पुढारी कसा होतो, याबद्दल लोक मोठमोठ्या गोष्टी सांगतात. मी त्याची यादीच केली आहे. आधी माणूस पैसेवाल्याच्या बाजूने भांडतो आणि त्याच्या ओसरीवर बसायला शिकतो. मग बोर्डावर जातो. बोर्डावर गेल्यावर त्याला आढळतं, की ज्यांच्याविरुद्ध आपण उभे राहिलो ती माणसं संख्येने फार आहेत. तेव्हापासून तो त्यांच्याबद्दल बोलतो. त्यांच्याशी नव्हे. तात्यासाहेब त्यात हुशार होते, एवढंच. श्रीधरपंत तेवढेही नव्हते. त्यांनी खोताची ओसरी गाळून थेट कळवळ्यापासूनच सुरुवात केली.

एकोणीस रुमाल झाल्यावर विसावा सोडला. सूचीवहीतली ओळ: 'राघ्या बिन धर्म्या वगैरे एकवीस, विरुद्ध समस्त गावकरी मौजे कोंडवळ.' प्रतिवादींचे वकील तात्यासाहेब. मी सवयीने पहिल्या दोन रकान्यांत 'गावातर्फे, गरिबांविरुद्ध' असं लिहिलं आणि कागद चाळायला घेतले.

गावाने तळ्याकडे जाणारी वाट आणि तळ्याकाठचा माळ बंद केला होता. वाडीतल्या बावीस जणांनी दावा लावला होता. त्या काळात, त्या माणसांनी दावा लावला होता, हे आधी लक्षात घ्या. खटला दोन वर्षं रखडला. मग तात्यासाहेबांचाच एक अर्ज: लोकल बोर्डाचं काम अंगावर येत असल्याने हा वाद लवकर मिटावा. कलेक्टरसाहेबांनी बोर्डावर नेमायच्या माणसाच्या गावात भांडण नको, असा त्याचा साधा अर्थ. आणि त्यामागे तडजोडपत्र, तात्यासाहेबांच्या स्वतःच्या अक्षरात: माळ आणि वाट वादींच्या वहिवाटीची, पुरण्याच्या जागेसह, गावाने किंवा गावातल्या कोणीही कधी हरकत घेऊ नये, बांधकाम करू नये.

खाली बावीस नावं. एकाखाली एक, आकडे घालून, प्रत्येकाच्या बापाचं नाव लिहून. नावापुढे ज्याची त्याची निशाणी. त्या काळी अंगठा नव्हता. कोणी काठी काढे, कोणी विळा. चौदावं नाव: गोंद्या बिन सखा. निशाणी काठी.

मी स्टुलावर बसले. तीन अर्ज, तीन सह्या. रुमाल माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता.

तात्यासाहेबांबद्दल माझ्या मनात आदराचा एक थेंबही नाही, पण एक गोष्ट लिहिली पाहिजे. त्या माणसाने 'वगैरे' लिहिलं नव्हतं. नक्कलनवीस होता तो. नावं गाळली की पुढे काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. 'वगैरे' आमच्या खोलीतल्या कोणीतरी नंतर लिहिलं. सूचीवहीची ओळ आखूड पडत होती म्हणून.

बाविसावं नाव मात्र वाचता येत नव्हतं. कागदाचा खालचा कोपरा कसरीने खाल्ला होता. नाव गेलं होतं, निशाणी तेवढी शिल्लक होती. गोल, वर थोडी उघडी. बांगडी. जुन्या कागदांत बाई निशाणी करी ती बांगडीची.

यादी द्यायला गेले तेव्हा मी श्रीधरपंतांना तडजोडपत्राबद्दल सांगितलं. लपवायचं काही कारण मला दिसत नव्हतं. पणजोबांचंच अक्षर, मला वाटलं खूश होतील. ते टाचणीने दात कोरू लागले.

"हा रुमाल किती जुना?"

"नव्वद वर्षांच्या आसपास."

"मग नष्ट करायच्या यादीत का नाही?"

दरवर्षी मुदत संपलेल्या कागदांची एक यादी होते आणि ते कागद जाळले जातात. यादी मीच करत असे. "जमिनीच्या हक्काचा निकाल कायम ठेवायचा असतो," मी म्हटलं. "तुम्ही वकील आहात."

"कारखानीसबाई, कसर लागलेला कागद आहे. यादीत एक ओळ वाढली तर कोण बघतंय? तुमच्या बढतीचं मी साहेबांकडे बोलणारच होतो."

"मी बघते ना," मी म्हटलं. "यादी मीच करते."

फार धीट बोलले असं नाही. मला खरोखरच दुसरं उत्तर सुचलं नाही.

आता करायचं काय? ठकूबाईला निरोप पाठवावा तर कोर्टाच्या नोकराने पक्षकाराला कळवणं गैर. गप्प बसावं तर स्मारक भवनाच्या भूमिपूजनाला तीन आठवडे राहिले होते. मी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या, आणि मग एक तिसरा मार्ग दिसला, तो नियमातला होता. तीन अर्जांवर माझी उत्तरं होती आणि ती चुकीची होती. चुकीचं उत्तर दुरुस्त करता येतं. मी दुरुस्तीपत्र तयार केलं: 'आपल्या तिन्ही अर्जांवर दिलेले उत्तर चुकीचे आहे. नोंद आढळते. चूक निम्नस्वाक्षरीकर्तीची.'

शिरस्तेदार म्हणजे आमच्या कचेरीचे मुख्य. ते निवृत्तीला आले होते. पत्र बघून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, कोर्टानं चूक कबूल केल्याचं तुम्ही कधी पाहिलंय?"

"कोर्टानं नाही केली. मी केली."

"एकदा असं पत्र गेलं की उद्या सगळा तालुका म्हणेल, आमचंही परत बघा."

"बघू."

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. "निम्नस्वाक्षरीकर्ती मोठी हौशी दिसते," असं म्हणून जावक क्रमांक घातला. माणूस वाईट नव्हता. माझी बढती मात्र चार वर्षं लांबली. ती त्यांच्यामुळे नव्हे.

बबन आठवड्याच्या आत आला. ठकूबाई पायरीवर बसली होती. मी नक्कल तिच्या हातात दिली, चौदाव्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आजी, चुकलं माझं."

"आता दिसलं व्हय?" ती म्हणाली. "डोले तर चांगलं हायेत तुजं." आणि पदराच्या टोकात कागद बांधला.

भूमिपूजनाला मी गेले ते समितीची 'वगैरे' म्हणून. कोंडवळला मांडव, ध्वनिक्षेपक, नारळ, सगळं होतं. माळावर जुन्या दगडांच्या रांगा होत्या. त्या कोणाला दिसत नव्हत्या, कारण त्यांच्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. वाडीतली पन्नास-साठ माणसं मांडवाबाहेर उभी राहिली. आरडाओरडा कोणी केला नाही. ठकूबाई काठी टेकत पुढे आली आणि तिने श्रीधरपंतांपुढे कागद धरला.

"वाच की रं बाबा. तुज्याच पनज्याचं हाय."

श्रीधरपंतांनी वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय सरकलं ते मी बघत होते. शिक्का बघितला, माझी सही बघितली, मला शोधलं. सरपंच कानात काहीतरी सांगायला लागले, त्यांना हाताने मागे सारलं. आणि मग ध्वनिक्षेपक जवळ ओढला. त्या क्षणी मला कळलं, की हा माणूस नक्की निवडून येणार.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आज माझ्या पणजोबांची खरी थोरवी आपल्यापुढे आली आहे. शंभर वर्षांपूर्वी, या दुबळ्या समाजाच्या हक्कासाठी उभे राहणारे पहिले वकील..."

टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर ठकूबाईने विचारलं, ध्वनिक्षेपकाशिवाय, पण सगळ्यांना ऐकू गेलं:

"सायेब, मंग आमच्या इरुद्ध हुबा व्हता त्यो कोन?"

वाडीतली माणसं हसली. मांडवातलीही काही हसली. श्रीधरपंतही हसले, त्यांचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. भूमिपूजन 'तूर्त स्थगित' झालं. खुर्च्या उचलल्या, दगड मोकळे झाले.

श्रीधरपंतांना तिकीट मिळालं आणि ते निवडूनही आले. प्रचारात तडजोडपत्र छापून वाटलं. त्यात बावीस नावांचा भाग नव्हता, जागेअभावी. स्मारक भवन एसटीच्या थांब्यामागे झालं. दारावरच्या फळ्यावर 'वंचितांचे कैवारी' असं लिहिलं आहे. आत आता खताच्या गोणी असतात. तैलचित्र भिंतीवरच आहे, पण गोणींची थप्पी वाढली की तात्यासाहेब मिशांपर्यंत बुडतात.

माळ वाडीकडे राहिला. बबन निवृत्त झाल्यावर वाडीने ठरवलं, की माळाच्या तोंडाशी एक दगड उभा करायचा आणि त्यावर बावीस नावं कोरायची. त्याने माझ्याकडे यादी मागितली. मी तडजोडपत्रावरून लिहून दिली, आकडे घालून, बापाच्या नावांसकट. दगड कोरला त्या दिवशी मला बोलावलं होतं. पाथरवट खालापूरकडचा, हात चांगला. एकविसावं नाव झाल्यावर त्याने कागद उलटसुलट केला.

"बाई, बाविसावं नाय हितं. वगैरे टाकू का?"

मी बोलायच्या आत ठकूबाई बोलली. ती आता नव्वदीला टेकली होती, तिला बाजेवर बसवून आणलं होतं.

"नाय रं. जागा सोड. बांगडी तेवडी काढ."

त्याने बांगडी काढली. नाव कोणाचं, यावर वाडीत दोन मतं आहेत. काही म्हणतात राघ्याची बायको, काही म्हणतात गोंद्याची विधवा बहीण. ठकूबाईला वाटतं ती बहीणच असावी, पण ती म्हणते, वाटण्यावरून दगड कोरत नाहीत. ती मला दर खेपेला विचारते, "घावलं का गं?" तिच्याकडे फार दिवस नाहीत, हे तिला कळतं आणि मलाही.

आमचा भाग त्या काळी दुसऱ्या जिल्ह्यात मोडत असे आणि तडजोडीची एक प्रत जिल्ह्याला जाई. म्हणून मी तिथल्या अभिलेखागाराकडे रीतसर अर्ज केला, दोन्ही शक्य नावं घालून. गेल्या महिन्यात उत्तर आलं. छापील फॉर्मवर, सुवाच्य अक्षरात: 'नोंद आढळत नाही.' खाली सही.

त्या कारकुनाने सूचीवही बघितली आहे आणि रुमाल सोडलेला नाही. हे मी इथे बसून सांगू शकते. चूक त्याची म्हणायला मला तोंड नाही. पण अक्षर बघून कळतं, की तोही आपल्या वहीवर खूश असणार.

यादीतलं सोळावं काम: तिथे स्वतः जाणं, राघ्या बिन धर्म्याचा रुमाल मागणं, आणि तो सोडून शेवटचं पान बघेपर्यंत खिडकीपासून न हलणं. दिवाळीनंतरचा पहिला सोमवार धरला आहे. दगडावरच्या बाविसाव्या ओळीत बांगडीच्या अलीकडची जागा अजून मोकळी आहे.